समुद्राची कवडी आपल्या गावात

रात्रीचा वर्ग सुटायच्या बेतात होता. फळ्यावर 'क'ची बाराखडी झाली होती. "क वरून शब्द सांगा," असे आम्ही म्हणालो. कोणी कणीस म्हणाले, कोणी कडबा म्हणाले, कोणी कासरा म्हणाले. मागच्या ओळीतल्या एक आजी उठल्या. त्यांनी पिशवीतून कवड्यांची माळ काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि म्हणाल्या, "क, कवडीचा."

"बरोबर आहे, आजी," आम्ही म्हणालो.

"ते झालं, गुरुजी. पण मला एक सांगा. ही कवडी येती कुठनं? झाडाला लागती का येलाला? माझा सारा जलम रानात गेला. रानात कधी घावली न्हाई."

वर्गातली पोरे हसली. आम्ही हसलो नाही. कारण प्रश्न सोपा नव्हता.

आजी तुळजाभवानीच्या आराधी. ती माळ त्यांच्या सासूची. आदल्या आठवड्यात दारावर एक फेरीवाला आला होता. तो म्हणाला, "ही माळ जुनी झाली, पिवळी पडली. कवडीमोल झाली. ही मला द्या. तुम्हाला पांढरीशुभ्र नवी देतो, वर पन्नास रुपये देतो." आजी त्याला म्हणाल्या होत्या, "विचारून सांगते."

म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. त्यांना दिलेले उत्तर तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हा धडा लिहिला आहे.

कवडी म्हणजे काय?

कवडी झाडाला लागत नाही, वेलाला लागत नाही आणि ती दगडही नाही. कवडी हे एका समुद्री जीवाचे घर आहे.

पावसाळ्यात आपल्या बांधावर गोगलगाय येते. तिच्या पाठीवर घर असते. ती चालेल तिथे घर चालते. भीती वाटली की ती आत शिरते. कवडीतला जीव हा त्या गोगलगायीचाच समुद्रातला भाऊबंद. शंखातला जीवही तसाच. अंगाने मऊ, हाड नाही, नखे नाहीत. मग मोठ्या माशापासून वाचायचे कसे? म्हणून तो स्वतःच्या अंगातून चुना पाझरतो आणि त्याचे कठीण घर करतो. जीव वाढतो तसे घरही वाढते.

कवडी इतकी चकचकीत का, हे ठाऊक आहे? कवडीतला जीव आपल्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी बाहेर काढतो आणि सगळ्या घरावर पांघरतो. त्यामुळे घरावर ओरखडा येत नाही. आपण भांडे घासून चमकवतो. हा जीव पांघरूण घालून चमक राखतो.

कवडी उलटी करून पाहा. मधे एक फट आहे. फटीच्या दोन्ही काठांना दात्रे आहेत. त्या फटीतून तो जीव ये-जा करीत असे. जीव मेला म्हणजे घर तेवढे उरते. तेच आपल्या माळेत येते.

कवडी आली कुठून?

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगरावरचा. इथून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. आपल्या पायाखालचा काळा कातळ समुद्रातून आलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वाहिला आणि थिजला. त्याचाच हा कातळ झाला. तेरणेच्या, मांजरेच्या पात्रात शिंपले सापडतात, पण ते गोड्या पाण्याचे. कवडी तिथे होत नाही.

तरीही पाहा, कवडी आपल्याकडे कुठे नाही? आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ. पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांचा पट्टा. लमाण तांड्यावरच्या बायांच्या चोळीवर, पिशवीवर कवड्या. सारीपाट मांडला तर दान टाकायला कवड्या.

या कवड्या फार करून मालदीव बेटांतून आल्या. आपल्या देशाच्या दक्षिण टोकाच्या नैर्ऋत्येला, भर समुद्रात, ही सुमारे बाराशे बेटे आहेत. बेटे लहान लहान, पाणी उथळ आणि कोमट. अशा पाण्यात ही पैशाची कवडी विपुल होते.

तिथले लोक कवड्या कशा काढीत, ते जुन्या अरब प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. बायाबापड्या नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकून ठेवीत. कवड्या त्या झावळ्यांना येऊन चिकटत. मग झावळ्या काठावर ओढायच्या. इब्न बतूता नावाचा प्रसिद्ध प्रवासी १३४३ साली त्या बेटांवर गेला. तिथे तो काजी म्हणून राहिला. तो लिहितो, की कवड्या किनाऱ्यावर खड्ड्यांत टाकतात, आतले मांस कुजून जाते आणि पांढरे कवच उरते. मालदीवचे लोक त्या कवड्या बंगालच्या लोकांना देत आणि त्यांच्याकडून तांदूळ घेत. बेटावर तांदूळ पिकत नाही आणि बंगालात कवडी होत नाही. दोघांचीही सोय झाली.

बंदरात उतरलेला माल मग बैलांच्या पाठीवर चढे. लमाणांचे तांडे किनाऱ्यावरून मीठ घेऊन देशावर येत, ते तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. अशाच वाटांनी, हात बदलत, मुक्काम करीत कवडी आपल्या डोंगरावर आली.

कवडी म्हणजे पैसा

फेरीवाला आजींना 'कवडीमोल' म्हणाला. आपणही म्हणतो, कांदा कवडीमोल भावाने गेला. पैसा न सोडणाऱ्याला कवडीचुंबक म्हणतो. "माझ्यापाशी फुटकी कवडी नाही," असेही म्हणतो. या बोलण्यात कवडी कशी आली?

कारण कवडी हा एके काळी खरा पैसा होता. सगळ्यांत लहान, पण पैसा.

भास्कराचार्य नावाचे थोर गणिती आपल्याकडे होऊन गेले. त्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. त्याच्या आरंभी नाण्यांचे कोष्टक दिले आहे. ते असे:

२० कवड्या = १ काकिणी
४ काकिणी = १ पण
१६ पण = १ द्रम्म

आता पाटी घ्या आणि हिशेब करा. एका पणाच्या कवड्या किती? वीस चोक ऐंशी. आणि एका द्रम्माच्या? ऐंशी गुणिले सोळा. उत्तर येते १२८०. म्हणजे एक द्रम्म मोडला तर पदरात १२८० कवड्या पडत.

लोकांनी कवडीच का निवडली? तिला गंज लागत नाही. ती उंदीर खात नाही. सगळ्या कवड्या साधारण एका मापाच्या, म्हणून मोजायला सोप्या. आणि मुख्य म्हणजे खोटी कवडी करणे त्या काळी कोणाला जमत नव्हते. खोटा रुपया पाडता येई, खोटी कवडी नाही.

हे आपल्याकडेच होते असे नाही. चीन देशात फार जुन्या काळी कवडीला मोठे मोल होते. त्यांच्या लिपीत कवडीचे एक चिन्ह आहे. पैसा, माल, खरेदी अशा कित्येक शब्दांत ते चिन्ह अजून लिहितात. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या आजच्या चलनाचे नाव 'सेडी'. तो शब्द तिथल्या भाषेतल्या कवडीच्या नावावरून आला आहे.

पण कवडीची एक काळी गोष्टही आहे, ती लपवू नये. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या. त्या देऊन त्यांनी तिथली माणसे विकत घेतली आणि गुलाम करून परमुलखात नेली. चिमूटभर चुन्याच्या कवचावर जिवंत माणसांचा सौदा झाला.

पुढे एकोणिसाव्या शतकात टांकसाळीतली तांब्याची नाणी स्वस्त आणि मुबलक झाली. कवडीचे राज्य संपले. व्यवहारात ती राहिली नाही. बोलण्यात राहिली, आणि देवीच्या माळेत राहिली.

तेरच्या पांढरीतली शंखाची बांगडी

समुद्र आपल्यापासून लांब आहे खरा, पण आपले त्याचे नाते फार जुने आहे. त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण तेरला जातो. तेर हे तेरणाकाठचे गाव. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते आणि ते मोठे शहर होते. त्या काळी ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाराचे नाव कोणाला माहीत नाही, पण त्याने तगरचे नाव लिहिले. तो म्हणतो, की पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तिथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते. समुद्रकाठच्या मुलखातून तगरात आलेला मालही त्या गाड्यांत असतो.

ते तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९०१ साली पुराव्याने मांडले. १९५८ साली तिथे शास्त्रीय रीतीने खोदकामही झाले.

तेरच्या जुन्या पांढरीत काय काय सापडले? भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, रंगीत मणी, नाणी, हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती. इटली देशात पाँपेई नावाचे शहर होते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. तिथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि तेरची मूर्ती यांची ठेवण सारखी आहे. आणि याच पांढरीत शंखापासून केलेल्या बांगड्या आणि मणीही मिळाले.

आता विचार करा. तेरच्या जमिनीत समुद्राचा शंख आपोआप येईल का? येणार नाही. इथे सारा काळा कातळ आणि काळी माती. म्हणजे तो शंख कोणीतरी आणला. कोणीतरी तो कापला. कोणीतरी ती बांगडी हौसेने हातात घातली. आणि एके दिवशी ती फुटली आणि तिचा तुकडा अंगणातल्या मातीत गेला. एका तुकड्यावरून एवढे कळते.

शंखाची बांगडी कशी करतात, ते बंगालात आजही पाहायला मिळते. तिथल्या लग्न झालेल्या बाया पांढऱ्या शंखाची बांगडी घालतात. आपल्याकडे हिरवा चुडा, तसे ते तिथले सौभाग्याचे लेणे. त्यासाठी पूजेच्या शंखाचीच जात लागते. हा शंख तमिळनाडूच्या आणि सौराष्ट्राच्या समुद्रात मिळतो. कारागीर शंख आडवा धरून करवतीने त्याच्या चकत्या पाडतात, पाव कापावा तशा. चकतीच्या आतला भाग काढून टाकला की कडे उरते. ते घासून गुळगुळीत करायचे आणि वर नक्षी कोरायची. एका शंखातून थोड्याच बांगड्या निघतात. उरलेल्या तुकड्यांचे मणी आणि अंगठ्या करतात. काही वाया जात नाही.

एका माणसाने काय केले

तेरची पांढर पावसाने धुपली की जुने तुकडे वर येत. शेकडो वर्षे लोक त्यांवरून चालत गेले. कोणाला वाटले खापर आहे, कोणाला वाटले हाड आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची आपल्याकडे जुनी चाल. त्या मातीबरोबर किती वस्तू नांगराखाली गेल्या असतील, याचा हिशेब नाही.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे मात्र तसे चालत गेले नाहीत. ते वाकले आणि त्यांनी तुकडा उचलला. एक नाही, दोन नाही, अशा हजारो वस्तू त्यांनी जमवल्या आणि जपल्या. त्या वस्तू विकून टाकल्या असत्या तर जगभर पांगल्या असत्या. तसे झाले नाही. आज तेरला त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. दूरदूरचे विद्वान ते पाहायला येतात. मग आपण का जाऊ नये? पुढल्या वेळी गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात, तर तासभर काढा आणि संग्रहालयात जा. आता तुम्हाला वाचता येते. प्रत्येक वस्तूजवळची पाटी स्वतः वाचा.

वस्तू आणि तिची चिठ्ठी

शंख-शिंपले जमवण्याचा छंद चांगला आहे. पोरांना तर फार आवडतो. पण नुसते जमवले तर तो ढीग होतो. ढिगाचा संग्रह कशाने होतो? चिठ्ठीने.

वस्तूबरोबर एक चिठ्ठी हवी. तिच्यावर चार गोष्टी लिहायच्या: ही वस्तू काय आहे, कुठे मिळाली, कधी मिळाली आणि कोणी आणली. चिठ्ठी नसेल तर कोकणातला शिंपला आणि तेरणेतला शिंपला यांत फरक करणार कसा? मोठा विद्वान आला तरी तो शिंपल्याची जात सांगेल, पण तो तुमच्या घरी कसा आला हे सांगू शकणार नाही. ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि तुम्ही ते लिहायला हवे.

चिठ्ठीचा नमुना असा:

क्रमांक: १
वस्तू: नदीचा शिंपला, दोन्ही झाकणे आहेत
कुठे मिळाली: तेरणा नदी, गावाजवळच्या पुलाखाली
कधी: चैत्र महिना, पाणी आटल्यावर
कोणी आणली: धाकट्या मुलीने

चिठ्ठीवर इसवी सनाची तारीख लिहिली तर अधिक चांगले. पुढच्या माणसाला वर्ष कळते.

सुरुवात आपल्या गावापासूनच करा. नदी, ओढा, तलाव यांच्या काठी रिकामे शिंपले आणि गोगलगायींची घरे मिळतात. ती समुद्राच्या शंखापेक्षा पातळ असतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

कोकणात देवदर्शनाला गेलात तर किनाऱ्यावरून चार रिकामे शंख-शिंपले आणायला हरकत नाही. मात्र पुढील गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट. शंख उचलला की आत पाहा. आत जीव असेल तर तो परत पाण्यात सोडा. कधी कधी रिकाम्या शंखात लहान खेकडा बिऱ्हाड करतो. त्याला स्वतःचे घर नसते. त्याचे घर काढून घेऊ नका.

दुसरी गोष्ट. भोवऱ्यासारखा, एका टोकाला निमुळता, नक्षीदार जिवंत शंख दिसला तर त्याला हात लावू नका. या जातीचे जीव विषारी काटा मारतात. त्यांतल्या काहींच्या विषाने माणूस दगावतो. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट. ओंजळभर आणा, पोतेभर नको. रिकामे कवचही किनाऱ्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडते.

घरी आणल्यावर ते दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवा. पाणी रोज बदला. मऊ ब्रशाने घासा आणि सावलीत वाळवा. लिंबू, चिंच किंवा तेजाब लावू नका. शंख म्हणजे चुना. आंबटाने चुना खाल्ला जातो आणि चमक जाते. वाटल्यास खोबरेल तेलाचा एक हात फिरवा.

ठेवायला महागडे कपाट नको. काड्यापेट्यांची रिकामी खोकी घ्या, तळाशी कापूस ठेवा, एका खोक्यात एक वस्तू ठेवा आणि शेजारी चिठ्ठी ठेवा. पेटी अगदी घट्ट बंद करू नका. बंद लाकडी पेटीत लाकडाची आंबट वाफ कोंडते. तिच्यामुळे शंखावर पांढरी पूड धरते आणि तो झिजतो. अधूनमधून पेटी उघडून वारा द्या.

आणि एक महत्त्वाचे. शेतात किंवा जुन्या पांढरीत बांगडीचा तुकडा, मणी, नाणे असे काही दिसले तर ते पाहण्यासाठी खणू नका. जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला किंवा तेरच्या संग्रहालयाला कळवा. जमिनीत मिळालेल्या जुन्या धनाबद्दल कायदा आहे, तो १८७८ पासून आहे. वस्तू जागच्या जागी असेल तरच अभ्यासकाला तिचे वय काढता येते. उकरली की तिची अर्धी गोष्ट पुसली गेली.

फसू नका

जत्रेत, बाजारात, हल्ली मोबाइलवरसुद्धा समुद्राच्या वस्तू विकतात. त्यांत फसवणूक फार आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

प्लास्टिकची कवडी. खरी कवडी हाताला गार लागते आणि वजनाला भरते. तिचे दात्रे एकसारखे नसतात. प्लास्टिकची कवडी हलकी असते. सगळ्या एका साच्यातल्या, हुबेहूब सारख्या असतात. शंका आली तर भोकाच्या घासलेल्या काठावर लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाका. खरी असेल तर बारीक बुडबुडे येतात. मग लगेच पाण्याने धुवा.

दक्षिणावर्ती शंख. साधा शंख शेंडी वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर तोंड उजव्या हाताला येते. क्वचित एखादा पूजेचा शंख उलटा वाढतो. त्याचे तोंड डाव्या हाताला येते. त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतात. तो फारच दुर्मिळ आहे. म्हणून लबाड लोक दुसऱ्याच जातीचा शंख त्याच्या नावाने विकतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक शंख होतो, त्या जातीत डावे तोंड हीच रीत आहे. ओळखायचे कसे? पूजेच्या खऱ्या शंखाच्या तोंडात, मधल्या खांबावर, तीन-चार ठळक वळ्या असतात. त्या परदेशी शंखात तशा वळ्या नसतात. 'घरात लक्ष्मी येईल' म्हणून कोणी हजारो रुपये मागू लागला, तर आपल्या घरातली लक्ष्मी बाहेर जाते आहे, एवढे समजा.

इंद्रजाल. काळी, बारीक फांद्यांची जाळी काचेच्या चौकटीत घालून विकतात. ही दुर्मिळ वनस्पती आहे, भिंतीला लावली की करणी-बाधा टळते, असे सांगतात. ती वनस्पती नाही. ती समुद्रातल्या पोवळ्याच्या जातीच्या जीवांची वसाहत आहे. हजारो बारीक जीवांनी मिळून ती वाढवलेली असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००१ साली पोवळी, समुद्रपंखे आणि काही दुर्मिळ शंख-शिंपले यांना संरक्षण मिळाले. इंद्रजाल विकणे गुन्हा, विकत घेणे गुन्हा आणि घरात ठेवणेही गुन्हा. बाधा टळणे दूरच, दाराशी वनखाते यायचे. अशी वस्तू आधीपासून घरात असेल तर ती विकू नका. वनखात्याच्या कचेरीत जाऊन सांगा.

मात्र घाबरू नका. देवीच्या माळेतली नेहमीची कवडी आणि देव्हाऱ्यातला साधा पूजेचा शंख त्या यादीत नाहीत.

आजींची चिठ्ठी

हे सगळे एका रात्रीत सांगून झाले नाही. चार-पाच रात्री लागल्या. मधेच फेरीवाला पुन्हा येऊन गेला. आजींनी त्याची नवी माळ हातात घेतली, तोलून पाहिली आणि लिंबू मागवले. थेंब टाकला. बुडबुडा काही आला नाही. आजींनी माळ परत केली.

शेवटच्या रात्री आम्ही म्हणालो, "आजी, तुमच्या माळेची चिठ्ठी लिहू या. तुम्ही सांगा, आम्ही लिहितो."

"सांगू कशाला? मीच लिहिते की," आजी म्हणाल्या.

त्यांना अर्धा तास लागला. कवड्या त्यांनी तीन वेळा मोजल्या. पेन्सिलीचे टोक दोनदा मोडले. त्यांनी जे लिहिले ते आम्ही जसेच्या तसे इथे देतो. त्यातले एक अक्षरही आम्ही बदललेले नाही.

"माळ. कवड्या ४१. सासूची. सासूला तिच्या आईनं दिली. तुळजापूरला ल्याली. कवडी समुद्राची हाय. मी इकली न्हाई. नातीला दिली."

सासूची आई कोण, ती माळ कोणी घातली, हे त्या घरात आजींशिवाय कोणालाही माहीत नव्हते. आता नातीला माहीत आहे. तिच्या मुलीलाही कळेल.

तुमच्या घरात अशी वस्तू असेल. कवडी असेल, शंख असेल, सारीपाटाचा पट असेल, बैलाच्या गळ्यातला पट्टा असेल. घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा. विचारा, ही कुठून आली? आणि ती सांगतील ते आजच लिहून ठेवा.

शब्दांचे अर्थ

पांढर: गावाची जुनी वस्तीची जागा, तिथली पांढुरकी माती
टांकसाळ: नाणी पाडण्याचा कारखाना
दात्रे: दातांसारख्या बारीक कडा
दुर्मिळ: क्वचित मिळणारे
पोवळे: समुद्रातल्या बारीक जीवांनी केलेले कठीण घर

प्रश्न

१. कवडीवर चमक कशामुळे राहते?
२. मालदीवचे लोक कवड्या कशा काढीत?
३. तेरच्या जमिनीत शंख आपोआप का येणार नाही?
४. 'लीलावती'तल्या कोष्टकाप्रमाणे ३ पणांच्या कवड्या किती होतील?
५. इंद्रजाल खरोखर काय आहे?

करून पाहा

घरातली एक जुनी वस्तू घ्या. तिची चिठ्ठी लिहा. चुका होतील, होऊ द्या. चिठ्ठी पुढच्या वर्गाला घेऊन या आणि सगळ्यांना वाचून दाखवा.